मनातले चित्र आणि पायाखालची वाट

इंदापुरात आमच्या आपाच्या घरी, आतल्या खोलीच्या भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर पांढरा कोट घातलेल्या मुलीचे मासिकातून कापलेले चित्र, बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीचा फोटो, एक स्टेथोस्कोप, आणि मधोमध लाल स्केचपेनने लिहिलेला आकडा : ६५०. आमची भाची रोज इशाच्या नमाज़नंतर त्या पुठ्ठ्यासमोर पाच मिनिटे डोळे मिटून बसायची. आपण डॉक्टर झालोच आहोत, कोट अंगात आहे, अम्मी-अब्बा दारात उभे राहून हसत आहेत, असे मनात पाहायची. शिबिरात तसेच सांगितले होते.

ते शिबिर बारामतीच्या एका सभागृहात झाले होते. दोन दिवस, फी पंधराशे रुपये. २०२३ च्या नीटमध्ये भाचीला ५१२ गुण पडले होते आणि प्रवेश थोडक्यात हुकला होता. दुसऱ्या प्रयत्नाआधी तिला उमेद मिळावी म्हणून ती फी आम्हीच भरली. पुठ्ठाही आम्हीच आणून दिला आणि चित्रे चिकटवायला शेजारी बसलो. हे आधीच कबूल केलेले बरे, कारण पुढे जे लिहायचे आहे त्यात दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याचा अधिकार आम्हाला फारसा नाही.

४ जून २०२४ ला निकाल लागला. त्याच दिवशी लोकसभेची मतमोजणी होती. बारामती मतदारसंघातला तो दिवस इकडच्या कोणालाही आठवत असेल. बाहेर फटाके आणि गुलाल, घराघरांत टीव्ही मोठ्याने लावलेला. आपाच्या घरातला टीव्ही मात्र बंद होता. भाचीला ५६८ गुण होते. म्हणजे मागच्यापेक्षा ५६ जास्त. आणि देशातला क्रमांक मात्र मागच्यापेक्षाही मागे.

आम्ही संध्याकाळच्या एसटीने इंदापूरला पोहोचलो तेव्हा तिने पुठ्ठा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. सकाळपासून ती जेवली नव्हती. जवळ बसलो तर हळूच म्हणाली, “खाला, मेरेच यकीन में कमी थी. मार्च में एक रात मेरे को लगा था ना, कि नहीं हुआ तो? बस, वहीं से बिगड़ गया सब.”

स्वयंपाकघरातून आपाने भर घातली, “दुआ भी दिल से नहीं मांगी होगी.”

शिबिरातल्या वक्त्याने सांगितले होते की मनात शंका आली की आपण मागितलेली वस्तू वाटेतून परत जाते. मुलीने ते खरे मानले. वर्षभर पहाटे उठून केलेला अभ्यास तिला दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त मार्चमधली एक रात्र. त्या रात्री आम्हाला पहिल्यांदा या विषयाची भीती वाटली, आणि मग आम्ही त्याच्या मुळाशी जायचे ठरवले.

ही कल्पना आली कोठून?

‘जसा विचार कराल तसे आयुष्य तुमच्याकडे ओढले जाईल’ ही कल्पना काही आजची नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘नवविचार’ नावाची एक चळवळ उभी राहिली. विचारांनी आजार बरे होतात, विचारांनीच संपत्ती येते, असे तिचे लोक सांगत. १९०६ मध्ये विल्यम वॉकर अॅटकिन्सन या लेखकाने विचारांच्या लहरी आणि आकर्षणाचा नियम यावर पुस्तक लिहिले. १९३७ मध्ये नेपोलियन हिल यांचे श्रीमंत होण्याचे पुस्तक आले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रॉन्डा बर्न यांनी ‘द सिक्रेट’ हा चित्रपट आणि त्याच नावाचे पुस्तक काढले आणि ते जगभर खपले. आता तेच विचार मोबाइलवर एका मिनिटाच्या व्हिडिओत येतात. भिंतीवरच्या पुठ्ठ्याला ‘व्हिजन बोर्ड’ म्हणतात आणि मागण्याला ‘मॅनिफेस्ट करणे’. आमच्या नववीतल्या मुलीसुद्धा हे शब्द सहज बोलतात.

यात काहीच खरे नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या मनात काही चित्रच नाही तो कोठे जाणार? एकवीस वर्षे आम्ही वर्गात मुलांना मोठी स्वप्ने पाहायला सांगत आलो आहोत, आणि उद्याही सांगू. पण स्वप्न पाहणे वेगळे आणि ‘पाहिले की येते’ असे मानणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीला आपल्याकडे जुनी नावे आहेत. मराठीत मनातले मांडे, उर्दूत ख़याली पुलाव. आणि आपल्या घराघरांत सांगितली जाणारी शेखचिल्लीची गोष्ट तर वेगळी सांगायला नको. डोक्यावर अंड्यांची टोपली घेऊन निघालेला शेखचिल्ली वाटेतच कोंबड्या, मग बकऱ्या, मग हवेली पाहतो. चित्रात त्याच्या काहीच कमी नव्हते. कमी होते ते पायाखाली पाहण्याचे.

पाणी इच्छेने येत नाही, उताराने येते

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत राहणाऱ्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा झाला, आणि दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. हा कालवा खोदण्याआधी कोणीतरी या कोरड्या जमिनीवर पाणी वाहताना मनात पाहिलेच असेल. ते चित्र नसते तर कालवा झाला नसता. पण त्यानंतर कोणीतरी दुर्बीण लावून फुटाफुटाचा उतार मोजला, खडक फोडला, भराव घातला. उतार चुकला असता तर शंभर जणांनी डोळे मिटून पाणी पाहिले असते तरी ते आले नसते.

याच कालव्यावर दुसरा धडा आहे. मुखाजवळच्या शेतकऱ्याला पाण्याची पाळी लवकर आणि पुरेशी मिळते. इंदापूर तालुक्यातल्या टेलच्या शेतकऱ्यापर्यंत आवर्तन पोहोचता पोहोचता पाट अर्धा होतो, कधी कोरडाच राहतो. कालव्यापासून वर असलेल्या जिरायती गावांना तर पाटाचे पाणीच नाही. आता सांगा, टेलच्या शेतकऱ्याचे विचार मुखाजवळच्या शेतकऱ्यापेक्षा वाईट आहेत काय? जिरायती गावातल्या माणसाने पाण्याचे चित्र कमी वेळा पाहिले काय? त्याच्याइतके तर पाणी कोणीच पाहत नाही.

हाच हिशोब भाचीच्या परीक्षेला लावून पाहिला. २०२४ मध्ये तेवीस लाखांहून अधिक मुले नीटला बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्याशा वर. त्यांतल्या सरकारी, म्हणजे दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या बापाला परवडतील अशा, आणखी कमी. तेवीस लाखांनी अगदी शंकारहित मनाने पांढरा कोट पाहिला असता तरी जागा तेवढ्याच राहिल्या असत्या. शिवाय त्या वर्षी गुणांचा बाजारच वर चढला होता. पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० गुण होते. पेपरफुटी आणि वाढीव गुणांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सुधारित निकालात तो आकडा १७ वर आला. ५६ गुण वाढूनही मुलगी मागे का गेली याचे कारण या गर्दीत होते, तिच्या मार्चमधल्या एका रात्रीत नव्हते.

हे आकडे कागदावर मांडून आम्ही भाचीसमोर ठेवले. ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग उठली आणि जेवायला बसली. सगळे दुःख गेले असे नाही. पण दुःखाला स्वतःच्या गुन्ह्याचा रंग चढला होता, तो थोडा उतरला.

मंज़िल पाहणारे आणि रस्ता पाहणारे

पुढे या विषयावर शोधून वाचताना आम्हाला एक गोष्ट सापडली. ती बीएडला असताना कोणी शिकवली असती तर फार बरे झाले असते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात लिएन फाम आणि शेली टेलर या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या काही दिवस आधी एका गटाला सांगितले की रोज काही मिनिटे उत्तम गुण मिळाल्याचे चित्र मनात पाहा : यादीत नाव आहे, मन आनंदाने भरले आहे. दुसऱ्या गटाला सांगितले की अभ्यास करतानाचे चित्र पाहा : कोठे बसला आहात, कोणते प्रकरण उघडले आहे, टीव्ही कसा बंद केला, मित्राला नंतर ये असे कसे सांगितले. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला आणि त्यांना गुणही चांगले मिळाले. फक्त निकाल पाहणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांनी तर यावर अनेक वर्षे काम केले. १९९१ च्या त्यांच्या एका अभ्यासात वजन कमी करणाऱ्या स्त्रिया होत्या. ‘मला हे जमेल’ अशी रास्त आशा असलेल्यांचे वजन जास्त उतरले. पण ज्यांनी आपण सडपातळ झालोच आहोत अशी गोड चित्रे रंगवली, त्यांचे वजन इतरांपेक्षा सरासरी अकरा किलोने कमी उतरले. ओटिंगन यांचे म्हणणे असे की गोड चित्र पाहिले की मनाला काम झाल्याचाच आराम मिळतो आणि अंगातला जोर ओसरतो. उमेद आणि ख़याली पुलाव यांतला फरक असा मोजता येतो, हे आम्हाला नवे होते.

मग मनातल्या चित्राचा उपयोगच नाही काय? आहे, आणि मोठा आहे. आपल्या महाराष्ट्रात हे काम ज्यांनी हयातभर केले ते नाशिकचे भीष्मराज बाम. पोलीस खात्यातले मोठे अधिकारी, स्वतः नेमबाज, आणि निवृत्तीनंतर खेळाडूंचे मानसशास्त्रीय मार्गदर्शक. २०१७ मध्ये ते गेले. नेमबाज अंजली भागवत, धावपटू कविता राऊत अशा कितीतरी खेळाडूंना त्यांनी मनाची तयारी शिकवली. मराठीत त्यांचे ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे पुस्तक आहे. नेमबाजाच्या या तयारीत पदकाला जागा नसते. उभे राहण्याची पद्धत, श्वास, नजर, चापावरचे बोट आणि गोळी सुटेपर्यंतची शांतता, एवढेच मनात पुन्हा पुन्हा उजळले जाते.

अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याचे प्रशिक्षक त्याला शर्यत मनात पोहायला लावत, आणि तीही काहीतरी बिघडले आहे अशी. २००८ मध्ये बीजिंगला २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये खरेच पाणी शिरले आणि दिसेनासे झाले. तो हातांचे फटके मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन बाहेर आला. बिघाडाचे चित्र त्याने आधीच पाहून ठेवले होते. शिबिरातल्या वक्त्याच्या हिशोबाने मात्र हा नकारात्मक विचार झाला.

इतके लांब तरी कशाला जायचे? आपल्या मोहल्ल्यातल्या मदरशात हिफ़्ज़ करणाऱ्या मुलाला विचारा. उस्ताद त्याला शेवटपर्यंत एकच प्रत वापरायला सांगतात. कोणती आयत पानाच्या उजव्या बाजूला, कोणती खालच्या ओळीत, हे चित्र मनात बसलेले असते. तो डोळे मिटतो आणि पान उघडते. पण ते पान उघडावे म्हणून त्याने रोज पहाटे सबक घेतलेला असतो, जुना सबक फिरवलेला असतो, अडखळला तिथे पुन्हा पढलेला असतो. दस्तारबंदीचे चित्र पाहून कोणी हाफ़िज़ झाल्याचे आम्ही ऐकले नाही.

दुआ म्हणजे ऑर्डर नव्हे

आता आपाच्या वाक्याकडे येऊ. दुआ दिलसे मागितली नसेल, हे तिने रागाने म्हटले नव्हते, काळजीने म्हटले होते. पण शिबिरातला वक्ता आणि आमची भोळी आपा, दोघांनी मुलीला एकाच जागी नेऊन उभे केले : मिळाले नाही, म्हणजे तुझेच काही चुकले.

वक्ता म्हणायचा, ब्रह्मांडाला ऑर्डर द्या. आम्हा मुसलमानांच्या घरात हे शब्दच बसत नाहीत. दुआ ही ऑर्डर नाही, अर्ज आहे. ऑर्डर हॉटेलात देतात, बिल भरले की वस्तू यायलाच हवी. अर्ज देणारा हात पसरतो आणि निर्णय देणाऱ्यावर सोडतो. हदीसमध्ये आले आहे की दुआ वाया जात नाही. कधी मागितले ते मिळते, कधी त्याऐवजी एखादे संकट टळते, कधी त्याचा मोबदला आख़िरतसाठी राखून ठेवला जातो. यात कोठेही असे नाही की मागणाऱ्याच्या मनात एका रात्री धाकधूक झाली म्हणून अर्ज फेटाळला गेला. धाकधूक तर माणसाला होणारच.

आणि तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणेही नव्हे. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू. आधी बांध, मग भरवसा ठेव, असा त्या उत्तराचा आशय होता. नियत, मेहनत, दुआ, तवक्कुल ही चार पावले आहेत. पहिले टाकून एकदम चौथ्यावर उडी मारता येत नाही. मनातले चित्र हे नियतच्या पावलाजवळचे. मधली दोन गाळली की ते शेखचिल्लीची टोपली होते.

पुठ्ठ्याच्या जागी वही

जून संपता संपता भाचीने तिसऱ्यांदा परीक्षा द्यायचे ठरवले. घरात दोन मते होती. एक वर्ष आणखी, एक फी आणखी, आणि मुलीचे वय. शेवटी तिचे अब्बा म्हणाले की टेम्पोचा हप्ता संपला आहे, एक वर्ष निघेल. हे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख २०१५ च्या यूपीएससीत पहिल्याच प्रयत्नात ३६१ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. वय २१, वडील रिक्षाचालक. त्यांचे व्हिडिओ आपल्या मुलांनी पाहिलेले असतात. पण त्याच गोष्टीत शाळा सोडून गॅरेजमध्ये काम करणारा एक भाऊही आहे, हे मुले विसरतात. चित्र एकाच्या मनात असते, त्याच्या चौकटीला खांदा घरातल्या दोघा-तिघांचा लागतो. त्याचा हिशोबही चित्रात यायला हवा.

पुठ्ठा भाचीने स्वतःच उतरवला. त्या जागी खिळ्याला दोरीने एक शंभर पानी वही अडकवली. ओटिंगन यांनी सुचवलेली पद्धत आम्ही घरगुती भाषेत तिला सांगितली होती. ती चार प्रश्नांची आहे : काय हवे? मिळाले तर कसे वाटेल? आड काय येते? ते आले की मी काय करीन? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिला पाठ होती. तिसरा प्रश्न विचारला तेव्हा ती गप्प बसली, आणि मग दोन पाने भरून निघाली. भौतिकशास्त्राची गणिते पाहिली की मोबाइल हातात येतो. दुपारी पाहुणे आले की चहा तिलाच करावा लागतो. चुकलेले प्रश्न पुन्हा पाहायची लाज वाटते. आणि रमज़ान.

२०२५ चा रमज़ान मार्चमध्ये होता आणि परीक्षा ४ मेला. मागच्या वर्षी इफ़्तारनंतर पुस्तक उघडायचे आणि त्यावरच डोके टेकवून झोपायचे, असा महिना गेला होता. यंदा तिने वहीत लिहिले : तरावीहनंतर पुस्तक उघडणार नाही, सरळ झोपेन. सहरीला उठले की फज्रनंतर आठपर्यंत भौतिकशास्त्र, कारण तेव्हा डोके ताजे आणि घर शांत. दुपारी फक्त पाठांतर. पाहुणे आले तर चहा धाकटा भाऊ करील. या शेवटच्या ओळीवर आपाची सही घेतली होती.

रात्रीची पाच मिनिटे तिने सोडली नाहीत. फक्त चित्र बदलले. आता ती परीक्षेचा दिवस पाहायची. पहाटेची एसटी, केंद्राचे फाटक. ओढणीमुळे तपासणीला वेळ लागतो म्हणून लवकर पोहोचलेली ती. प्रश्नपत्रिका उघडली आणि पहिलेच गणित येत नाही. हात गार पडले. मग एक श्वास, त्या प्रश्नाला खूण, पुढचा प्रश्न. हे चित्र तिने इतक्या वेळा पाहिले की एकदा जेवताना हसून म्हणाली, “अब तो वो सवाल मेरे ख़्वाब में भी छूटता है, खाला.”

४ मेला भौतिकशास्त्राचा पेपर खरोखरच फार अवघड निघाला. बाहेर पडणारी मुले रडत होती. ती रडली नाही. म्हणाली, पहिले सात प्रश्न सोडले आणि जीवशास्त्रापासून सुरुवात केली.

तिला ४६१ गुण पडले. मागच्यापेक्षा १०७ ने कमी, आणि क्रमांक पुढे. साऱ्या देशाचेच गुण त्या वर्षी उतरले होते. मात्र एमबीबीएसच्या सरकारी जागेपर्यंत ती पोहोचली नाही.

घरी करून पाहण्यासारखे

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, ज्यांच्या घरात दहावी-बारावीची, भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची मुले आहेत त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी.

एक, मुलाला ‘काय व्हायचे आहे’ हे एकदा विचारा, पण ‘उद्या सकाळी काय करायचे आहे’ हे रोज विचारा. मनातले चित्र उद्याच्या सकाळीपर्यंत आणले तरच त्याचा उपयोग.

दोन, अडथळ्यांविषयी बोलणे म्हणजे अपशकुन नव्हे. आजी म्हणते, वाईट बोलू नये. वाईट चिंतू नये हे खरे, पण खड्डा आधी पाहिला तर पाय वाचतो. ‘असे झाले तर मी असे करीन’ हे वाक्य मुलाकडून लिहून घ्या. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की अशा जर-तरच्या वाक्यांनी इरादा कृतीत उतरण्याची शक्यता वाढते.

तीन, पैसे घेऊन आयुष्य बदलून देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : नाही झाले तर दोष कोणाचा? उत्तर ‘तुमच्या विश्वासाचा’ असे आले तर उठून घरी या. जे औषध लागू पडले तर वैद्याचे आणि नाही पडले तर रोग्याचे, ते औषध घेऊ नये.

चार, निकाल वाईट लागला तर त्या दिवशी दुआ, नमाज़ आणि यकीनचा हिशोब मुलाकडे मागू नका. त्या दिवशी फक्त जेवायला वाढा.

सफा, मरवा आणि तिसरी जागा

ऑगस्टमध्ये, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू असताना, आम्ही पुन्हा इंदापूरला गेलो होतो. भाची दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली आहे. युनानीच्या पदवीला, म्हणजे बीयूएमएसला, उर्दू लागते, आणि तिच्या गुणांत ती जागा मिळत होती. तीन वर्षांत हा पर्याय तिच्या पुठ्ठ्यावर कधी आला नव्हता. आमच्याही मनात आला नव्हता, आणि आम्ही तर उर्दू शिकवतो. आता ती पुण्याला पहिल्या वर्षात आहे. पांढरा कोट आहे, पण चित्रातल्या इमारतीत नाही. ती पूर्ण खूश आहे असे लिहिले तर खोटे होईल. मधूनमधून एमबीबीएसची गोष्ट निघते आणि ती विषय बदलते. पण ‘मेरे यकीन में कमी थी’ हे वाक्य त्यानंतर तिच्या तोंडून ऐकले नाही.

त्या दिवशी आपाने स्वतःहून बीबी हाजरांची गोष्ट काढली. ओसाड दरीत तहानलेले लेकरू. आई सफावर चढते, मरवाकडे धावते, पुन्हा सफा, पुन्हा मरवा. सात खेपा. पाणी ना या टेकडीवर मिळाले, ना त्या. मिळाले ते लेकराच्या पायाशी, जिथे त्या धावल्याच नव्हत्या. तरी आजवर कोणी म्हटले नाही की त्यांचे धावणे वाया गेले. हज-उमऱ्याला जाणारा प्रत्येक जण तीच धाव धावतो.

आपा बोलत होती आणि आम्ही आमच्या दोन विषयांचा विचार करीत होतो. उर्दूत थांबण्याला इंतज़ार म्हणतात, आणि तो शब्द ‘नज़र’च्याच मुळातून आला आहे. मराठीत आपण म्हणतो वाट पाहणे. दोन्ही भाषांनी थांबण्याला पाहणेच म्हटले आहे. मग थांबावे लागणारच असेल तर डोळे मिटून मुक्काम पाहण्यापेक्षा डोळे उघडून वाट पाहावी : कोठे चढ आहे, कोठे खड्डा आहे, आणि कोठे आपल्या लक्षात न आलेली एखादी पायवाट फुटते आहे.

पुठ्ठा अजून आपाच्या घरी आहे. त्याच्या कोऱ्या बाजूवर धाकट्याने त्याचे अभ्यासाचे वेळापत्रक लिहिले आहे. त्यात दुपारी चार वाजता एक ओळ आहे : चहा, माझी पाळी.